नववी लागली म्हणून डान्स क्लास बंद? त्या मेसेजला माझं उत्तर

चार दिवसांपासून आपल्या मानेवाड्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला. डान्स क्लासनं अभ्यास बुडतो, नाच हे पोट्ट्यांचं काम नाही, ही आपली संस्कृती नाही, पुढे त्याचा उपयोग नाही, म्हणून नववी लागली की बंद करा. तो वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी नातवाचा क्लास खरंच बंद केला, म्हणून लिहितोय.

अभ्यासाचं आधी. माझा पोरगा पाच वर्षांपासून कथक शिकतोय, आठवड्यात दोनदा, एकेक तास. परवा जेवताना ताटाच्या काठावर बोटं वाजवत होता, काय झालं रे विचारलं तर म्हणे तिहाई बसत नाहीये. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि शेवटचा ठोका बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला पाहिजे. तीनताल 16 मात्रांचा, म्हणजे 16 ठोक्यांची एक फेरी. तुकडा 5 मात्रांचा घेतला आणि मधे दोनदा एकेक मात्रा थांबलं तर होतात 17, म्हणजे समेवरून उचललं की शेवटचा ठोका पुढच्या फेरीच्या समेवरच येतो, हे सगळं त्यानं हातात पोळीचा घास धरून मला समजावलं. मला सांगा, यात डोकं चालत नाही का?

पोट्ट्यांचं काम नाही म्हणता, मग कथकचे बिरजू महाराज कोण होते? 1986 ला पद्मविभूषण मिळालं त्यांना. ओडिसी नृत्यातले केलुचरण महापात्र कोण? आणि एवढ्या दूर काहून जायचं, आपल्या पूर्व विदर्भातली दंडार ही लोककला घ्या, त्यात नाचणारे गावातले गडीच, बाईचं सोंगही परंपरेनं तेच घेत आले. संस्कृतीचं उत्तरही यातच आलं.

उपयोगाचं म्हणाल तर शास्त्रीय नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा पास केलेल्या पोरांना आपल्या बोर्डात दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि ज्या ब्रेकडान्सला आपण टवाळखोरी म्हणायचो तो 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये होता. पण मला मार्कांपेक्षा दुसरंच महत्त्वाचं वाटते. 5 ते 17 वयाच्या पोरांनी रोज सरासरी तासभर तरी अंग हलवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा 45 वर गेला की ग्राउंडवर कोण जाणार? क्लासच्या हॉलमध्ये कूलर लावून का होईना, पोरं घामाघूम होईपर्यंत तत्कार, म्हणजे कथकचं पायकाम, तर करतात.

एक तक्रार मात्र खरी आहे, वार्षिक कार्यक्रम आला की काही ठिकाणी ड्रेस-मेकअपच्या नावानं भरमसाट पैसे मागतात. तिथं पालकांनी एकत्र जाऊन बोलावं, आम्ही बोललो तर भाड्याचे ड्रेस चालले. पण त्यापायी पोराचा क्लास काहून सोडवायचा?

काकूंच्या नातवानं आणि माझ्या पोरानं जोडीनं एक तिहाई बसवली होती. काल सरांनी त्याची जागा रिकामीच ठेवून तालीम घेतली. काकू, तुम्ही वाचत असाल तर मंगळवारी साडेपाचला माझ्यासोबत क्लासला चला, तासभर मागे बसून बघा आणि मगच ठरवा.