आधी गोठा, मग हळद

नमस्कार दादा,

चिंचिलाच्या (उंदराच्या कुळातला, दाट मऊ केसांचा लहानसा पाळीव प्राणी) तळपायाच्या जखमांवरचा माझा लेख वाचून तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण सहा वर्षं दोन चिंचिला सांभाळलेल्या माणसाची आहे, म्हणून दोन ओळींत उरकावंसं वाटलं नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या दोघी पहिल्यापासून जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात आहेत आणि त्यांना काही झालेलं नाही. घट्टा पडणं म्हणजे आजार नव्हे. मी सुचवलेलं फ्लीस, म्हणजे मऊ लोकरीसारखं कापड, ओलं होतं, कुरतडलं जातं. चिंचिला मुळात खडकावरचा प्राणी, त्याला गाद्या कशाला? आणि हळद-तेलाने भागत असताना डॉक्टरांकडे धाडून मी लोकांना खर्चात पाडते आहे. "आमच्या आजोबांनी बैलांचे खूर हळद-तेलावरच बरे केले," हे तुमचं शेवटचं वाक्य.

फ्लीसचं तुमचं म्हणणं मान्य. लेखात मी "जाळीवर फ्लीस अंथरा" एवढंच लिहून पुढे गेले, ते अपुरं होतं. मुतलेलं फ्लीस दोन दिवस तसंच राहिलं तर ते जाळीपेक्षा वाईट. ओलसर कातडी मऊ पडते, लघवीने चुरचुरते आणि तिथूनच जंतू आत शिरतात. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्यांच्या पायाच्या बेचक्यात चिखल्या होतात, तसलाच प्रकार. आमच्याकडे फ्लीस रोज झटकते, ओलं झालेलं लगेच बदलते, आणि कडा आत दुमडून शिवलेलं असेल तेच वापरते. कुरतडून धागे गिळणारी चिंचिला असेल तर फ्लीस नकोच, तिला पाइनच्या फळ्या द्या. लेखात ही दुरुस्ती आजच केली आहे.

घट्ट्यांचंही खरं आहे. चिंचिलाचा तळपाय उघडा असतो, त्यावर केस नसतात, नुसत्या मांसल गाद्या. वय वाढतं तशी टाचेकडची कातडी थोडी जाड होते. कोरडा, पिवळसर, दाबला तरी जनावर पाय ओढून घेत नाही, असा घट्टा असेल तर त्याच्या मागे लागायचं कारण नाही. पण तोच भाग लाल आणि चकचकीत दिसू लागला, भेग पडली, खपली धरली किंवा एक टाच दुसरीपेक्षा फुगीर वाटली, तर तो घट्टा राहिला नाही. हा फरक लेखात नीट लिहायला हवा होता.

पण जाळीबद्दल मी माघार घेणार नाही.

तुम्ही खडकाचा दाखला दिलात, म्हणून तिथूनच सुरुवात करते. चिलीत इयापेलजवळ या प्राण्यांसाठी १९८३ पासून राखीव क्षेत्र आहे. कोरडा डोंगरउतार, मोठे धोंडे, त्यांच्या फटींत चिंचिलांची बिळं. खडक कठीण असतो, कबूल. पण त्यावर पाय सपाट टेकतो, अख्ख्या तळव्यावर वजन पसरतं. शिवाय तिथे ती एका जागी बसून राहत नाही. कधी धोंडा, कधी माती, कधी उडी. जाळीवर तेच अर्धा किलो वजन दोन-तीन तारांच्या रेघांवर येतं, रोज, त्याच जागी. अनवाणी फरशीवर उभं राहणं आणि अनवाणी खिडकीच्या गजांवर उभं राहणं यात जो फरक, तोच हा. दुखतं ते कठीणपणामुळे नाही, टोचण्यामुळे.

पैदास करणारे वर्षानुवर्षं जाळी वापरतात, हेही खरं. पण ती जाळी आली कुठून? १९२३ मध्ये मॅथायस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाणअभियंत्याने चिलीहून ११ चिंचिला कॅलिफोर्नियात आणल्या, त्या फरसाठी. फरच्या धंद्यात केस स्वच्छ राहणं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून लेंड्या आणि लघवी खाली पडून जाईल असा तळ. त्या जनावराने १५ वर्षं जगावं अशी तिथे कुणाची अपेक्षाच नव्हती. आपण घरी ठेवतो ती चिंचिला १०-१५ वर्षं सहज काढते, काही तर २० गाठतात. पिंजऱ्याची ती पद्धत मात्र तशीच आपल्या दिवाणखान्यात आली. तुमच्या दोघींना सहा वर्षांत काही झालं नाही, याचा मला आनंदच आहे. तुमच्याकडे त्या हलक्या असतील, भरपूर उड्या मारत असतील, पिंजऱ्यात लाकडी फळ्याही असतील. वजन वाढलं, वय झालं, की तीच जाळी बोचायला लागते.

आमच्या तिळूचं हेच झालं. चार वर्षं जाळीवर ठणठणीत होता. मग मी लाडाने रोज मनुका द्यायला लागले आणि न्यू जर्सीच्या थंडीत हिटर दिवसरात्र चालू. हिटरने घरातली हवा इतकी सुकते की आपल्याही टाचा फुटतात. त्यात मी त्याला धुळीची अंघोळ (चिंचिला पाण्याने नाही, बारीक धुळीत लोळून अंग साफ करते) रोज देत होते, आणि ती धूळ कातडीतला उरलासुरला ओलावा शोषून घेते. वजन, कोरडेपणा आणि तार, तिन्ही एकत्र आली. मला कळलं तेव्हा डाव्या टाचेवर मुगाच्या डाळीएवढी काळी खपली होती. तो लंगडत नव्हता, खाणंही चालू होतं. फक्त वरच्या फळीवर जायचं त्याने सोडलं होतं आणि मी समजत होते, थंडीमुळे आळसावला आहे. शिकार होणारे प्राणी दुखणं लपवतात, हे वाचून माहीत होतं. तरी माझ्या लक्षात आलं नाही.

आता हळदीकडे येते. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, मीही गोठा बघतच वाढले. बैलाच्या खुराची बेचकी चिघळली की आमचे आजोबाही हळद-तेल लावायचे. पण त्याआधी काय करायचे, ते आठवा. बैलाला त्या चिखलातून हलवायचे. गोठ्यातला रेंदा ओढून काढायचे, कोरडी माती आणि चुलीतली राख पसरायचे, दोन-चार दिवस बैल औताला जुंपायचे नाहीत. मग हळद. तुमच्या आजोबांनीही असंच काहीसं केलं असणार, कारण चिखलात उभ्या असलेल्या बैलाला नुसती हळद लावून खूर बरा होत नाही, हे गोठा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. माझ्या अख्ख्या लेखाचं म्हणणं एवढंच होतं: ज्या तळावर पाय बिघडला तो तळ आधी बदला. तार तशीच ठेवून वरून काहीही लावा, मग ते हळद असो की महागडं मलम, ती जखम पुन्हा उघडणार.

बैलाला चालतं ते चिंचिलाला चालत नाही, याचं दुसरंही कारण आहे. तिच्या एकेका मुळातून ५०-६० केस निघतात. तेल पायावरून त्या केसांत चढलं की निघत नाही, त्यावर अंघोळीची धूळ बसून लगदा होतो, आणि पाण्याने धुवायची सोय नाही, कारण तो लोकरीसारखा थर आतून लवकर वाळतच नाही. हळदीचा थर खपलीसारखा घट्ट बसतो. खाली पू होतो आहे का, दिसत नाही. आणि लावलेलं सगळं ती चाटून पोटात घेते.

तिळूला डॉक्टरांनी दिलं ते सांगते, पण हे कुणी औषधपत्र म्हणून वापरू नका. आधी एक्स-रे, हाडापर्यंत संसर्ग गेला आहे का ते पाहायला. सुदैवाने हाड स्वच्छ होतं. दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम. खपली त्यांनीच सोडवली, मला नखानेही काढू नका म्हणाले. घरी रोज सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉझने फक्त तळवा पुसायचा, कोरडा करायचा आणि सिल्व्हर सल्फाडायझीनचा, म्हणजे भाजल्यावर लावतात त्या पांढऱ्या मलमाचा, अगदी पातळ हात द्यायचा. मग तो चाटू नये म्हणून दहा मिनिटं मांडीवर धरून गुलाबाची वाळलेली पाकळी कुरतडायला द्यायची. मनुका बंद, गवत भरपूर, धुळीची अंघोळ जखम भरेपर्यंत जवळजवळ बंद. पिंजऱ्याची जाळी पाइनच्या फळ्यांनी झाकली, एका कोपऱ्यात गुळगुळीत फरशी ठेवली, म्हणजे पाय वेगवेगळ्या पृष्ठभागांवर पडतो. सगळं बरं व्हायला ११ आठवडे लागले.

डॉक्टरचा आग्रह मी ज्या कारणासाठी धरते, ते खर्चाहून मोठं आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात अर्धवट उरलेल्या अँटिबायोटिकची पट्टी असते. अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन चिंचिलाच्या पोटात गेलं, तर आतड्यातले गवत पचवणारे उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि पायाच्या जखमेने जे झालं नसतं ते चार दिवसांत होतं, जनावर दगावतं. मलमांचंही तसंच. स्टेरॉइड मिसळलेलं मलम जखमेला नको, आणि बधिर करणारं औषध घातलेलं चाटून पोटात गेलं की त्रास. हे कळायला माणसांचा केमिस्ट उपयोगाचा नाही, ससे-गिनीपिग बघणारा पशुवैद्यच हवा. जखम साधी लाली असताना नेलंत तर बहुतेक वेळा तळ बदलणं आणि लक्ष ठेवणं एवढ्यावर भागतं. हाडाला लागल्यावर नेलंत तर महिनोन् महिने औषध, कधी पायही जातो. खर्च वाढतो तो उशिराने.

तुमच्या दोघींसाठी एक विनंती. पाय बघायला त्यांना उलटं करू नका, घाबरून केसांचे पुंजके गाळतात आणि धडपडीत पाय मोडायचीही भीती. तळाला नक्षी नसलेला, स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात एकीला बसवा, दुसऱ्या कुणाला तो दोन्ही हातांनी उचलून धरायला सांगा आणि खालून मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात बघा. चारही तळवे आरशासारखे दिसतात. दोन्ही टाचा एकमेकींशी ताडून बघा, फोटो काढून तारीख टाका आणि महिन्याने पुन्हा काढा. माझ्याकडे तिळूचे असे फोटो आता दर महिन्याचे आहेत. डाव्या टाचेवर जिथे खपली होती तिथे गुळगुळीत गुलाबी ठिपका राहिला आहे, आणि गेल्या आठवड्यापासून तो पुन्हा सगळ्यात वरच्या फळीवर झोपतो.