दर्जा जिंकला म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत फिरत आला. सार असं: ‘ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांची लढाई झाली. ब्लू-रेचं चित्र सरस होतं, एचडी डीव्हीडी महाग होती, म्हणून ग्राहकांनी ब्लू-रे निवडली. आपल्याकडे व्हीसीडीही अशीच डीव्हीडीपुढे टिकली नाही. बाजारात शेवटी दर्जाच जिंकतो.’ खाली हात जोडलेले तीन इमोजी. नाशकात रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत मामाची कॅसेट लायब्ररी होती. कॉलेज संपेपर्यंत माझ्या बहुतेक संध्याकाळी तिथल्या गल्ल्यावर गेल्या. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या डीव्हीडीनंतरच्या, जास्त स्पष्ट चित्राच्या सिनेमाच्या डिस्क; पहिली सोनीच्या गटाची, दुसरी तोशिबाच्या. आधी चित्राचं बोलू. दोन्ही डिस्क 405 नॅनोमीटरच्या त्याच निळ्या-जांभळ्या लेझरने वाचल्या जायच्या, दोन्हींवर 1080 रेषांचं चित्र मावायचं. फरक जागेचा. ब्लू-रेच्या एका थरात 25 जीबी, एचडी डीव्हीडीच्या 15. दोन थर धरले तर 50 आणि 30. हा फरक मोठा आहे, मान्य. पण 2006 मध्ये आलेल्या पहिल्या ब्लू-रे बऱ्याचशा एकाच थराच्या आणि चित्र दाबून भरायच्या जुन्या एमपेग-2 पद्धतीत भरलेल्या होत्या. समोरचे एचडी डीव्हीडीवाले नवी व्हीसी-1 पद्धत वापरत होते. त्या वर्षी नावं ठेवली गेली ती ब्लू-रेच्या चित्राला.

किमतीचं तर साफ उलटं लिहिलंय. तोशिबाचा पहिला एचडी डीव्हीडी प्लेअर अमेरिकेत 499 डॉलरला आला, सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर 999 ला. 2007 च्या नोव्हेंबरात तोशिबाचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत सेलमध्ये निघाला. म्हणजे हरला तो स्वस्तवाला.

राहिले ग्राहक. 2006 च्या नोव्हेंबरात सोनीने प्लेस्टेशन 3 काढलं आणि त्यात ब्लू-रेचा ड्राइव्ह आधीच बसवून दिला. पोरांनी गेम खेळायला यंत्र आणलं, घरात ब्लू-रे आपोआप आली. याला निवड म्हणायचं तर साखरेच्या पोत्याबरोबर सुतळीही आपण निवडूनच आणतो. शिवाय कोलंबिया हा स्टुडिओ 1989 पासून सोनीच्याच घरचा. बीटामॅक्स या आपल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या वेळी सिनेमे आपल्या हातात नव्हते, हे सोनीला चांगलंच झोंबलं असणार. डिस्ने आणि फॉक्सही ब्लू-रेच्या बाजूला होते, युनिव्हर्सल तोशिबाकडे. ऑगस्ट 2007 मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन फक्त एचडी डीव्हीडीकडे गेले. त्यासाठी दोघांना मिळून 15 कोटी डॉलर मिळाल्याचं वृत्तपत्रांत छापून आलं होतं.

दोन्हीकडे पाय ठेवून होता तो वॉर्नर स्टुडिओ. 4 जानेवारी 2008 ला त्याने जाहीर केलं, आता फक्त ब्लू-रे. लास व्हेगासचं मोठं इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन तोंडावर आलेलं; तिथली एचडी डीव्हीडीवाल्यांची पत्रकार परिषद रद्द झाली. फेब्रुवारीत डिस्क विकणारे, भाड्याने देणारे बेस्ट बाय, नेटफ्लिक्स, वॉलमार्ट एकामागून एक ब्लू-रेकडे वळले आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडीचं दुकान आवरलं. वॉर्नरच्या घोषणेपासून मोजून 46 दिवस. एवढ्यात कुठल्या ग्राहकाने दोन टीव्ही शेजारी ठेवून चित्र ताडून पाहिलं?

आता आपल्या दारातली गोष्ट, कारण मेसेजवाल्याने व्हीसीडीला उगाच मध्ये ओढलंय. व्हीसीडी 1993 ची, डीव्हीडी 1996 ची. चित्र 352 बाय 288 विरुद्ध 720 बाय 576, म्हणजे चौपट ठिपके. दर्जाच जिंकणार असता तर व्हीसीडी नव्वदच्या दशकातच संपायला हवी होती. आमच्याकडे ती पुढे कित्येक वर्षं धो धो चालली. एका डिस्कवर जेमतेम 74 मिनिटं, म्हणून हिंदी सिनेमाला दोन, लांब असला तर तीन. मामाच्या रजिस्टरमध्ये नावापुढे ‘2’ किंवा ‘3’ लिहिलेलं असायचं, परत घेताना डब्या उघडून मोजायच्या. दुसरी डिस्क दुसऱ्याच सिनेमाची निघाली की भांडण ठरलेलं. चरे पडलेल्या डिस्कला टूथपेस्ट चोळून मऊ फडक्याने आतून बाहेर पुसणं हे माझं खातं. चित्राचे चौकोन पडतात म्हणून क्वचितच कोणी डिस्क परत आणली. डिस्क अडकते म्हणून मात्र रोज कोणीतरी यायचं.

2007 मध्ये मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने सिनेमांच्या व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 ला बाजारात आणल्या. सहा रुपयांचा फरक. तोवर डीव्हीडी प्लेअरही स्वस्त झाले होते आणि त्यांत जुनी व्हीसीडी चालायची, म्हणून कुणाला घरातली चळत फेकावी लागली नाही. आणि लोकांनी डीव्हीडीची जादा जागा कशाला वापरली? रस्त्यावर एकात पाच सिनेमे कोंबलेल्या चोरट्या डीव्हीडी मिळायच्या, चित्र व्हीसीडीच्या जवळपासचं. त्याच सगळ्यात जास्त खपायच्या. मालेगावच्या एखाद्या जुन्या व्हिडिओ पार्लरवाल्याला विचारा, तोही हेच सांगेल.

त्याच्याही आधीची व्हीएचएस कॅसेट घ्या, बीटामॅक्सची प्रतिस्पर्धी. बीटामॅक्सचं चित्र किंचित बरं होतं, असं तिचे चाहते अजून सांगतात. पण 1975 मध्ये ती आली तेव्हा कॅसेट एका तासाची होती. वर्षभराने आलेली व्हीएचएस दोन तासांची, आणि आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ई-180 कॅसेटवर पूर्ण तीन तास. तीन तासांचा सिनेमा पाहणाऱ्या देशात पुढचं सांगायची गरज नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. एचडी डीव्हीडीला प्रदेशाचं कुलूप नव्हतं, ब्लू-रेला आहे. अमेरिका ‘ए’ गटात, भारत ‘सी’ मध्ये. लायब्ररी बंद झाल्यावर मामाकडे एक जुने गिऱ्हाईक आले होते. मुलीने न्यू जर्सीहून पाच ब्लू-रे आणलेल्या, इथे घेतलेल्या प्लेअरवर तीनच लागत होत्या. डिस्क खराब आहेत असं त्यांना वाटलं. मामाने सवयीने उजेडाकडे धरून पाहिल्या. एकही चरा नव्हता. मग खोक्याच्या मागचं छोटं ‘ए’ त्याने बोटाने दाखवलं, आणि ते म्हणाले, “म्हणजे पैसे मोजून आणलेली डिस्क माझ्याच घरात लागायची नाही?”