‘ऊन-हून दिसलं की फ्रॉम लावा’: इतकं सोपं असतं तर

‘इंग्रजीतला सगळ्यात सोपा नियम, 5 मिनिटांत पक्का’ अशा मथळ्याचा एक मेसेज गेले काही दिवस फिरतोय. दहावीतल्या भाचीने तो लाल चौकटीसकट वहीत उतरवून घेतलाय, म्हणून हा खटाटोप. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मराठीत ऊन, हून, पासून किंवा कडून आलं की इंग्रजीत डोळे मिटून फ्रॉम लावायचं, नसेल तर लावायचं नाही. ऑफ म्हणजे चा-ची-चे, तुटण्या-सुटण्याशी त्याचा संबंध नाही. आजाराने मेला तर ‘डाय ऑफ’, बाकी कशानेही मेला तर ‘डाय फ्रॉम’. मूळ पदार्थ ओळखू येत असेल तर ‘मेड ऑफ’, नसेल तर ‘मेड फ्रॉम’. वर संस्कृत व्याकरणकार पाणिनीची साक्ष, की अपादान (ज्यापासून काही दूर होतं ते) म्हणजेच फ्रॉम. आणि खाली सरावाची 10 वाक्यं, उत्तरांसकट.

आधी एक घोळ निस्तरू. मेसेजभर ‘ऑफ’ हा एकच शब्द आहे, इंग्रजीत ते दोन आहेत. एक एका एफचा, एक दोन एफचा. एका एफवाल्याचा उच्चार ‘ऑव्ह’ होतो, त्यातला एफ व्हसारखा बोलतात. देवनागरीत दोन्ही सरसकट ‘ऑफ’ लिहिले की मुलांना ते एकच वाटतात आणि मग बसमधून उतरतानाही एकच एफ लिहिला जातो. इथून पुढे एका एफला ऑव्ह, दोन एफला ऑफ.

आता सगळ्यात घातक मुद्दा, दुसरा. ऑव्हचा तुटण्याशी संबंध नाही म्हणे! मग ‘दे रॉब्ड हिम ऑव्ह हिज वॉच’चं काय करायचं? त्याचं घड्याळ लुबाडलं. घड्याळ हातातून गेलं, तुटातूट पुरेपूर झाली, आणि वाक्यात आहे ऑव्ह. डिप्राइव्ह, स्ट्रिप, रिड, क्युअर, रिलीव्ह, डिफ्रॉड, ॲक्विट ही सगळी मंडळी काहीतरी हिरावणारी किंवा कशातून तरी सोडवणारी आहेत आणि सगळ्यांना ऑव्ह लागतं. रोगी रोगातून बरा झाला, तर ‘क्युअर्ड ऑव्ह’. आरोपी आरोपातून सुटला, तर ‘ॲक्विटेड ऑव्ह’. दोन्हीकडे मराठीत ‘तून’ आहे, म्हणजे मेसेजच्या हिशोबाने दोन्हीकडे फ्रॉम. दोन्ही उत्तरं चूक.

यात नवलही काही नाही. जुन्या इंग्रजीत ऑव्ह आणि ऑफ हा एकच शब्द होता आणि त्याचा अर्थच ‘पासून, दूर’ असा होता. जोर देऊन बोललं जाणारं रूप पुढे दोन एफचं झालं, बिनजोराचं एका एफचं राहिलं, आणि सतराव्या शतकात ही वाटणी पक्की झाली. चा-ची-चेचं काम ऑव्हच्या गळ्यात पडायला त्याच अर्थाच्या फ्रेंच ‘द’चा मोठा हातभार लागला. मेसेज ज्याला परका ठरवतोय तो त्या घरचा जुना मालक आहे.

खरी भानगड शब्दयोगी अव्ययात नाहीच, क्रियापदात आहे. बेथ लेव्हिन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1993 साली 3000 हून जास्त इंग्रजी क्रियापदांची वर्गवारी छापली. त्यात काढून घेण्या-काढून टाकण्याच्या क्रियापदांचा वेगळा विभाग आहे. तो पाहिला की कळतं, अर्थ जवळजवळ सारखा असला तरी प्रत्येक टोळीची चाल निराळी.

‘स्टील’ची टोळी वस्तूला कर्म करते आणि मालकाला फ्रॉम लावते: ‘स्टोल द वॉच फ्रॉम हिम’. ‘रॉब’ची टोळी बरोबर उलट. मालक कर्म, वस्तूला ऑव्ह: ‘रॉब्ड हिम ऑव्ह द वॉच’. ‘क्लिअर’ला दोन्ही चालतात: ‘क्लिअर द डिशेस फ्रॉम द टेबल’ म्हणा किंवा ‘क्लिअर द टेबल ऑव्ह डिशेस’ म्हणा. ‘वाइप’ मात्र हट्टी. ‘वाइप द डस्ट ऑफ द टेबल’ चालतं, फ्रॉमही चालतं, नुसतं ‘वाइप द टेबल’ही चालतं, पण ‘वाइप द टेबल ऑव्ह डस्ट’ चालत नाही. चौघांचंही मराठी करताना ‘वरून’ किंवा ‘कडून’ येऊ शकतं, त्यामुळे मराठी प्रत्यय बघून यातली एकही टोळी ओळखता येणार नाही.

चुकलं तर काय होतं तेही बघा. कर्मणी प्रयोगात जे कर्म असतं तेच पुढे येतं. ‘रॉब’मध्ये मालक कर्म, म्हणून ‘आय वॉज रॉब्ड’. ‘स्टील’मध्ये वस्तू कर्म, म्हणून ‘माय वॉच वॉज स्टोलन’. तक्रारअर्जात ‘आय वॉज स्टोलन’ लिहिलं की अर्थ होतो, मलाच कुणीतरी चोरून नेलं. ‘माय वॉच वॉज रॉब्ड’ म्हणजे घड्याळालाच कुणीतरी लुबाडलं.

म्हणून वहीत नुसतं ‘रॉब: ऑव्ह’ असं लिहून भागत नाही. पूर्ण साचा उतरवा: रॉब, मग माणूस, मग ऑव्ह, मग वस्तू. शेजारी स्टील, मग वस्तू, मग फ्रॉम, मग माणूस. त्याखाली दोघांचं एकेक कर्मणी वाक्य. नवीन क्रियापद भेटलं की पहिला प्रश्न असा विचारायचा: याचं कर्म कोण, निघून जाणारी वस्तू की रिकामा होणारा मालक? वस्तू असेल तर बहुधा फ्रॉम, ऑफ किंवा आउट ऑव्ह. मालक असेल तर बहुधा ऑव्ह. ‘बहुधा’ हा शब्दही वहीत येऊ द्या.

पहिल्या मुद्द्याकडे वळू. मुळात मराठी ऊन-हून नुसतं तुटणं दाखवत नाही. ‘बागेतून गेलो’ हा मार्ग आहे, तिथे थ्रू. ‘पुलावरून गेलो’ तिथे ओव्हर किंवा अक्रॉस. ‘त्याच्याहून उंच’ ही तुलना, दॅन. ‘त्याच्याकडून खिडकी फुटली’ यात तो कर्ता आहे, बाय. ‘सोमवारपासून इथे आहे’ तिथे सिन्स. फ्रॉमची पाळी यानंतर.

आणि जिथे खरोखर तुटणंच आहे तिथेही फ्रॉमला दोन जोडीदार आहेत. पृष्ठभागावरून सुटलं तर ऑफ, आतून बाहेर आलं तर आउट ऑव्ह. शिडीवरून पडला, ‘फेल ऑफ द लॅडर’. खणातून काढलं, ‘आउट ऑव्ह द ड्रॉवर’. फ्रॉम नुसतं सुरुवातीचं ठिकाण सांगतं. वरून की आतून, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वाहनांत तर गंमतच आहे. मराठीत आपण बसमधूनही उतरतो आणि मोटारीमधूनही उतरतो. इंग्रजीत बस, रेल्वे, विमान, जहाज यांतून ‘गेट ऑफ’, पण मोटार आणि टॅक्सीतून ‘गेट आउट ऑव्ह’. ढोबळ खूण अशी: ज्यात उभं राहून चालता येतं ते ऑफ, ज्यात वाकून शिरावं लागतं ते आउट ऑव्ह. सायकल आणि घोडा यांवर आपण वर बसतो, म्हणून तिथेही ऑफ. ‘अलाइट’ हे पाटीवरचं भारदस्त क्रियापद मात्र फ्रॉम घेतं.

काही क्रियापदांना तर काहीच नको असतं. घरातून निघालो म्हणजे ‘लेफ्ट होम’. त्यात फ्रॉम घुसवलं की वाक्य बिघडलं. ‘अव्हॉइड’चंही तसंच. ‘एस्केप’मध्ये फ्रॉम असण्या-नसण्याने अर्थच बदलतो: तुरुंगातून पळाला तर ‘एस्केप्ड फ्रॉम प्रिझन’, पण नुसतं ‘एस्केप्ड प्रिझन’ म्हणजे बऱ्याचदा तुरुंगवास टळला, गडी आत गेलाच नाही.

उलट बाजूही तितकीच कच्ची. मराठीत ऊन-हून नाही आणि इंग्रजीत फ्रॉम आहे, अशी वाक्यं हवी तेवढी. पंखा छताला लटकतो, ‘हँग्ज फ्रॉम द सीलिंग’. त्याला दम्याचा त्रास आहे, ‘सफर्स फ्रॉम’. याचा फायदा झाला, ‘बेनिफिटेड फ्रॉम’.

पाणिनीला या भांडणात ओढायचं काही कारण नव्हतं. ओढलंच आहे तर त्याच्या व्याकरणग्रंथाचा, अष्टाध्यायीचा, पहिला अध्याय, चौथा पाद उघडा. ‘ध्रुवमपायेऽपादानम्’ हे 24वं सूत्र. तिथून 31व्यापर्यंत आठ सूत्रं या एकाच कारकाला लागली: भीती कुणाची वाटते, कुणापासून लपायचं, कुणाकडून शिकायचं, नदी कुठून उगम पावते, सगळ्याला वेगळी. आणि इंग्रजीशी जुळवायला गेलात तर दुसऱ्याच सूत्रावर गाडी अडते. संस्कृतात चोराची भीती पंचमीत, इंग्रजीत ‘अफ्रेड ऑव्ह’. मराठीत तर आपण चोराला घाबरतो, पंचमी उरलीच नाही.

‘डाय’चा नियम अर्धवट खरा आहे, एवढं नाइलाजाने मान्य. आजार, भूक, म्हातारपण यांना ऑव्ह जास्त शोभतं, जखमा आणि अपघाताच्या परिणामांना फ्रॉम. पण उलट केलं तर चूक, हे साफ खोटं. कॅन्सरला दोन्ही चालतात. आणि पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैन्याच्या नोंदींत जखमांनी नंतर मेलेल्यांचा अधिकृत शेराच ‘डाइड ऑव्ह वूंड्स’ असा असे. जखम म्हणजे आजार नव्हे.

‘मेड’चा मुद्दा परीक्षेपुरता ठीक. गंमत म्हणजे इथे मराठी स्वतःच फरक करते: टेबल लाकडाचं, कागद लाकडापासून. पहिल्याला ऑव्ह, दुसऱ्याला फ्रॉम, बरोबर जुळतं. फक्त जुन्या डब्याचा दिवा केला, तर ‘मेड आउट ऑव्ह’ अधिक सहज, आणि पदार्थात काय काय घातलंय ते सांगताना ‘मेड विथ’.

राहिली सरावाची वाक्यं. दहापैकी तीन उत्तरं खोडूनच टाका. तिसरं: ‘तो पाच वर्षांपासून इथे राहतो’ याचं उत्तर दिलंय ‘ही इज लिव्हिंग हिअर फ्रॉम फाइव्ह इयर्स’. तिथे ‘हॅज बीन लिव्हिंग’ आणि ‘फॉर फाइव्ह इयर्स’ हवं. कालावधीला फॉर, सुरुवातीच्या क्षणाला सिन्स. सहावं: ‘बसमधून उतर’ला ‘गेट डाउन फ्रॉम द बस’. आपल्याकडे सगळे असंच बोलतात आणि समजतंही, पण परीक्षेत ‘गेट ऑफ’ लिहा. आणि नववं: ‘तिने मला बोलू दिलं नाही’. मराठीत ऊन-हून नाही, म्हणून फ्रॉम नाही, म्हणून उत्तर ‘शी केप्ट मी टॉकिंग’. याचा अर्थ होतो, ती मला बोलतं ठेवत राहिली. हवं होतं ‘शी केप्ट मी फ्रॉम टॉकिंग’.