धनशक्ती बाजरी जीएम नाही, आणि ती कुणी पळवूनही नेलेली नाही

बाजरीच्या पेरणीचे दिवस आले की मोबाईलवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगणं तेच असतं: 'धनशक्ती नावाची लोहयुक्त बाजरी जीएम आहे. परदेशी संस्थांनी आपल्या विद्यापीठांना हाताशी धरून आपलं देशी वाण पळवलं. लोह वगैरे सगळी जाहिरात. आता बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागणार.' शेतकऱ्याबद्दल मनापासून कळकळ असलेली माणसंही हे पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

'जीएम आहे.' नाही. जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकांमध्ये बदल केलेलं पीक. भारतात व्यापारी लागवडीत असलेलं मान्यताप्राप्त जीएम पीक एकच, बीटी कापूस. धनशक्ती हा निवड पद्धतीने तयार झालेला वाण आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळच्या पाटनचेरूची इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांनी मिळून तो केला आणि २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. ही निवड समजून घ्यायची तर फुलोऱ्यातलं बाजरीचं कणीस जवळून बघा. आधी पांढऱ्या केसांसारखे स्त्रीकेसर बाहेर येतात, पिवळे परागकोष दोन-तीन दिवसांनी लोंबायला लागतात. तोवर शेजारच्या ताटाचा पराग येऊन बसलेला असतो. त्यामुळे एकाच वाणातली ताटं एकमेकांपेक्षा थोडी थोडी वेगळी निघतात, काहींच्या दाण्यात लोह जास्त असतं. तीच ताटं निवडायची, त्यांची संतती तपासायची, त्यांचाच पराग आपसात मिसळू द्यायचा. भरलेली कणसं बियाण्यासाठी आढ्याला टांगणारी आजी दुसरं काय करायची? दाण्याचा भरीवपणा तिला डोळ्यांनी दिसायचा. लोह डोळ्यांना दिसत नाही, ते मोजावं लागतं, म्हणून प्रयोगशाळा.

'आपलं देशी वाण पळवलं.' इथे तर गोष्ट बरोबर उलटी आहे. धनशक्ती ज्या वाणातून निवडली त्याचं नाव आयसीटीपी ८२०३. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या, लवकर येणाऱ्या, टपोऱ्या दाण्याच्या बाजरीतून तो वाण पाटनचेरूला निवडला गेला आणि १९८८ साली आपल्याकडे आला. मुळात बाजरीच आफ्रिकेची. ऋण असलंच तर ते आपल्यावर टोगोच्या शेतकऱ्यांचं आहे. शिवाय इक्रिसॅटच्या जनुकपेढीतले बियाण्यांचे लाखावर नमुने त्या संस्थेच्या मालकीचे नाहीत. १९९४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेशी झालेल्या करारानुसार ती त्यांची विश्वस्त झाली.

तरी या भीतीमागे एक खरा अनुभव आहे, तो झाकून ठेवणं बरोबर नाही. १९६५ साली देशातला बाजरीचा पहिला संकर, एचबी-१, आला. त्याची आई, म्हणजे मादी वाण, टिफ्ट २३ए ही अमेरिकेतून आणलेली, आणि पाठोपाठ आलेल्या संकरांची आईही तीच. उत्पादन वाढलं, पण सत्तरच्या दशकात गोसावी रोगाने रानंच्या रानं गेली. कणसात दाण्याऐवजी हिरव्या पानांचा जटेसारखा झुपका. ज्यांनी तो बघितला त्यांना बाहेरून येणाऱ्या बियाण्याचा धसका बसला तर नवल नाही. मात्र चूक सगळा भार एकाच आईवर टाकण्यात होती. नंतरच्या कामात आफ्रिकेतली वेगवेगळी बाजरी मुद्दाम आणली गेली ती म्हणूनच, आणि ती भागीदारीशिवाय इथे आलीच नसती.

'लोह ही जाहिरात.' तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात निवासी शाळांतल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर याची चाचणी झाली. एका गटाला ही बाजरी, दुसऱ्याला साधी. खायचं काय, तर आपली नेहमीची भाकरी, दोन्ही वेळेला. चार महिन्यांत लोहयुक्त बाजरी खाणाऱ्या मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांची ती सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीच्या गटापेक्षा १.६४ पट होती. पुढे मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड वर्षापर्यंतच्या बाळांवर अशीच चाचणी झाली, तेव्हा लोहाच्या साठ्यावर एवढा परिणाम दिसला नाही. म्हणून मी हिला औषध म्हणणार नाही. पण ज्या घरात रोज भाकरीच होते, तिथे त्याच पिठातून जास्त लोह जात असेल तर त्याला जाहिरात कसं म्हणायचं? २०१८ पासून तर बाजरीच्या नव्या वाणात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह हवंच, असा देशाचा निकष आहे. धनशक्तीत ते सुमारे ७१ आहे.

परदेशी पैशाचं म्हणाल, तर हो, पिकांतली पोषणद्रव्यं वाढवण्यासाठीच्या हार्वेस्टप्लस या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचा हातभार होता. हिशेब जरूर मागा.

'बियाणं दरवर्षी विकत.' संकरित वाणाबाबत हे खरं आहे, पण धनशक्ती संकरित नाही. घरचं बियाणं ठेवता येतं, आणि ते ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला दिलेला आहे. काळजी एवढीच घ्यायची की शेजारी संकरित बाजरी असेल तर तिचा पराग येतो, म्हणून बांधाकडची ताटं सोडून रानाच्या मधली कणसं निवडायची. दोन-तीन वर्षांनी मूळ बियाणं पुन्हा आणलेलं बरं.

अडचण निराळीच आहे. संकरित बाजरी उतारा जास्त देते, तिचं बियाणं दरवर्षी खपतं, म्हणून दुकानदार तेच पुढे करतो. घरी ठेवता येणाऱ्या वाणात विकणाऱ्याला फारसा रस नसतो. त्याचं बियाणं विद्यापीठांनी आणि सरकारी बीज महामंडळांनीच वाढवायला हवं. पेरणीआधी तिथे जाऊन धनशक्तीचं बियाणं आहे का, नसेल तर का नाही, हे विचारा.