गर्जना करणारा नेता निवडताना घ्यावयाची काळजी

निवडणूक जवळ आली की आपल्यासारख्या सुजाण मुंबईकराची मोठी ओढाताण होते. उमेदवाराचे शपथपत्र वाचा, जाहीरनामा तपासा, मागच्या पाच वर्षांत त्याने सभागृहात काय विचारले ते पाहा, असा लकडा काही मंडळी लावतात. आणि त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कावर दिव्यांच्या झगमगाटात एक गृहस्थ शड्डू ठोकून आपली वाट पाहत उभे असतात. आपण निःशंकपणे शिवाजी पार्क गाठावे. शपथपत्र वाचायला चष्मा लागतो.

सभेला जाताना आपले गाऱ्हाणे मात्र आठवणीने सोबत न्यावे, कारण ते अस्सल असते आणि त्याच्यावाचून गर्जनेचे दुकान चालत नाही. पहाटे साडेचारला येणारे आणि बादली भरायच्या आत जाणारे पाणी, पदवीधर मुलाची अकरा-अकरा महिन्यांची कंत्राटी नोकरी, पुनर्विकासासाठी चाळ रिकामी केल्यावर आठ महिन्यांत थकलेले भाडे, गिरगावात जन्मून नालासोपाऱ्याला मुक्काम हलवावा लागल्याची मनातली खोल लाज, यांतले काहीही खोटे नाही. हे सारे घेऊन आपण इतकी वर्षे ज्या ज्या शहाण्या माणसांकडे गेलात, त्यांनी आपल्याला समिती, अहवाल आणि आवक क्रमांक दिला. क्वचित एखाद्याने जागतिक अर्थव्यवस्थाही समजावून सांगितली. व्यासपीठावरचा माणूस पहिल्याच वाक्यात म्हणतो, ‘तुमच्यावर अन्याय झालाय!’ एवढे साधे वाक्य आजवर कोणालाच कसे सुचले नाही, याचा विचार शहाण्यांनी करावा; आपण टाळ्या वाजवाव्यात. (मतदार अडाणी आहेत, असे पुढे वृत्तवाहिनीवर सांगणारे तज्ज्ञ हे त्या गृहस्थांचे सर्वांत निष्ठावंत आणि बिनपगारी कार्यकर्ते होत.)

दुसऱ्याच वाक्यात ते आपले गाऱ्हाणे हातात घेऊन त्यावरचा पत्ता तेवढा बदलतात. ही हातचलाखी फार जवळून पाहू नये. थकलेल्या भाड्याचा बिल्डर उंच भिंतीआड राहतो आणि त्याच्या फाटकाशी दोन पहारेकरी असतात. म्हणून शत्रू शक्यतो हाताच्या अंतरावरचा, आपल्याहून गरीब आणि बोलण्याच्या ढबीवरून चटकन ओळखू येणारा असावा. पदपथावरचा फेरीवाला या कामी उत्तम. मागच्या वर्षी शहरात आलेला रिक्षावालाही चालतो. त्याला हुसकावल्याने भाडे मिळत नाही, हे खरे. पण संध्याकाळ फार छान जाते.

या पंथाला परंपरा नाही, असे मात्र कोणी समजू नये. इसवी सनपूर्व ४२८ मध्ये मिटिलीन या ग्रीक नगराने अथेन्सविरुद्ध बंड केले; पुढच्या वर्षी ते मोडले, तेव्हा क्लिऑन नावाच्या फर्ड्या वक्त्याच्या आग्रहावरून अथेन्सच्या सभेने तिथल्या सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारण्याचा ठराव केला आणि तो घेऊन जहाजही रवाना झाले. दुर्दैवाने लोक त्या रात्री झोपले. सकाळी त्यांना आपलीच लाज वाटली, सभा पुन्हा भरली, थोडक्या मतांनी ठराव फिरला आणि दुसऱ्या जहाजाचे वल्हेकरी वल्ही न सोडता जवाचे पीठ दारू-तेलात कालवून खात इतक्या त्वरेने गेले, की कत्तल सुरू होता होता थांबली. बंडाचे पुढारी तेवढे मारले गेले. यावरून घ्यायचा धडा असा, की रात्रीचा राग सकाळपर्यंत थंड होऊ देऊ नये. त्याची सोय आता सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटाने केलेलीच आहे. शिवाय न्यायालये, लेखापरीक्षक, विरोधी बाके, खोचक प्रश्न विचारणारा वार्ताहर ही सगळी दुसऱ्या दिवशीच्या सकाळची माणसे. आपला नेता त्यांना ‘विकासातील अडथळे’ म्हणू लागला, की आपणही म्हणावे, म्हणजे दुसरे जहाज बंदरातच राहते.

सराव आपल्याला आहेच. मुंबई महापालिकेच्या २२७ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. मधल्या काळात २०२५-२६चा ७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प एकाही निर्वाचित नगरसेवकाचा हात वर न होता मंजूर झाला. आपण त्यासाठी रस्त्यावर उतरलात का? नाही. हा संयम वाखाणण्याजोगा आहे.

एक पथ्य राहिले. शिवाजी पार्कापासून चैत्यभूमी हाकेच्या अंतरावर आहे. तिथे जरूर नतमस्तक व्हावे, पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत केलेले भाषण वाचण्याच्या भानगडीत पडू नये. धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातील भक्ती हा अधःपतनाचा आणि अखेरीस हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे, असे ते त्यात सांगून गेले आहेत. ऐन सभेच्या दिवशी असले काही वाचले, तर घसा बसतो.

आमच्या शेजाऱ्यांचा घसा मागच्या सभेत वेगळ्याच कारणाने बसला होता. परतताना दादरला त्यांना चौथी सीट मिळाली. अर्धे अंग अधांतरी, एक पाय वाटेत. मी विचारले, ‘काका, पाण्याचं काय म्हणाले ते?’ काका कुर्ल्यापर्यंत आठवत राहिले. ‘बोलले असतील रे,’ ते म्हणाले, ‘टाळ्यांत ऐकू आलं नाही.’ घाटकोपरला खिडकीजवळचा माणूस उतरला, सगळे आत सरकले आणि काका पाठ टेकून ऐसपैस बसले. तेवढ्यात खांद्याला हत्यारांची पिशवी लावलेला एक घामाघूम पोरगा पुढे झाला आणि अजिजीने म्हणाला, ‘काका, थोडं सरकता का?’

काकांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि बसलेल्या घशाने सांगितले, ‘ही सीट तिघांची आहे.’