रिपोर्टातली चूक दुरुस्त झाली, मग स्कोअर का हलला नाही?

नावाचं स्पेलिंग, जुना पत्ता, भलताच मोबाईल नंबर. सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवून त्यावर स्कोअर देणारी कंपनी. तिचा रिपोर्ट हातात आला की माणूस आधी हेच दुरुस्त करत बसतो. करा जरूर, पण त्यानं स्कोअर एका पॉइंटानंही वाढत नाही. 300 ते 900 मधला हा स्कोअर ठरतो तो कर्जाच्या आणि कार्डांच्या खात्यांवर.

स्कोअर हलवणाऱ्या चुका मोजक्याच. वेळेत भरलेला हप्ता थकलेला दिसणं, पूर्ण फेडलेलं कर्ज ‘सेटल्ड’ (म्हणजे तडजोडीत कमी रकमेवर मिटवलेलं) म्हणून चढणं, नाहीतर दुसऱ्याचंच कर्ज आपल्या नावावर येणं. ही तिसरी आपल्याकडं नवलाची नाही. करवीर तालुक्यात एकाच नावाचे चार पाटील सहज निघतील, आणि जुन्या कर्जाला पॅन जोडलेला नसला की खाती मिसळायला वेळ लागत नाही. पण ट्रॅक्टरच्या कर्जाला मित्राला जामीन राहिला असाल, तर ते खातं तुमच्या रिपोर्टात दिसणं ही चूक नव्हे. तक्रार करण्याआधी ‘गॅरंटर’ लिहिलंय का बघा.

सगळ्यात चिवट प्रकरण क्रेडिट कार्डाचं. कार्ड कात्रीनं कापलं, पण बँकेत बंद केलंच नाही. वार्षिक फी 500, वर 18 टक्के जीएसटी, झाले 590. एवढ्याशा रकमेपायी डीपीडीच्या, म्हणजे किती दिवस थकलं त्याच्या, रकान्यात 030, 060, 090 असे आकडे चढत जातात. इथं नुसती ऑनलाइन तक्रार टाकून भागत नाही, कारण बँकेच्या वहीत ती बाकी खरीच आहे. आधी फी माफ करून घ्या, मग नोंदीचं बोला.

ब्युरो, म्हणजे सिबिलसारखी कंपनी, आपल्या मनानं काही खोडत नाही, बँकेचा होकार लागतो. म्हणून तक्रार दोन्हीकडं करा. सिबिलच्या साइटवर रिपोर्टावरचा कंट्रोल नंबर टाकून, आणि शाखेत लेखी, पोच घेऊन. ‘माझं सिबिल नीट करा’ असला अर्ज टेबलावरच पडून राहतो. ‘जून 2024 चा 030 चुकीचा, हप्ता 5 तारखेला जमा, उताऱ्यावर खूण केली आहे’ असं लिहा. शाखेला एवढं विचाराच, की मूळ सिस्टीममध्ये बदल केला का? तिथं जुनंच राहिलं तर बँकेकडून ब्युरोला जाणाऱ्या पुढच्या फाइलीबरोबर तीच चूक परत येते. एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या बाकीच्या तीन ब्युरोंचेही रिपोर्ट तपासा. चौघांकडूनही वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दिवसाला 100 रुपये भरपाई आहे, एप्रिल 2024 पासून. लोक मागतच नाहीत! दुरुस्ती नाकारली तर कारण द्यावं लागतं, आणि ते पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

स्कोअर किती वाढेल? अलीकडचा खोटा डीपीडी निघाला तर फरक जाणवतो, तीन वर्षांपूर्वीचा निघाला तर थोडाच. फेडलेलं कर्ज ‘चालू’ दिसत होतं, ते बंद झालं तर स्कोअर फार हलेलच असं नाही. पण बँक तुमच्या पगारातून वजा धरत होती तो हप्ता सुटतो, आणि घरकर्जाला त्याचाच जास्त उपयोग. खरोखर चुकलेला हप्ता मात्र कुठलाच एजंट पुसू शकत नाही, मग तो पाच हजार मागो की पंधरा.

तक्रार चालू असताना नवीन कर्जाचा अर्ज टाकू नका, अर्ज आला की बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्या प्रत्येक चौकशीची नोंद होते. दिवाळीत कर्ज हवं असेल तर रिपोर्ट आषाढातच काढा, गणपतीत काढून पुरणार नाही.