सानपाड्याच्या माडाला मीठ कशाला?

सोसायटीच्या ग्रुपवर मे महिन्यापासून एक मेसेज फिरतोय: "नारळ कमी लागतात? बुंध्याशी 5 किलो जाडं मीठ घाला, खोडात दोन लोखंडी खिळे ठोका, पावसाआधी सगळ्या झावळ्या साफ करा. 3 महिन्यांत दुप्पट नारळ!" आमच्याकडे मिठाची पिशवी येऊनही पडली, म्हणून हे लिहितोय.

आधी मीठ. ही निव्वळ थाप नाही, इथंच तर गोची आहे. माडाला मिठातलं क्लोराईड लागतं, आणि फिलिपिन्समध्ये समुद्रापासून लांबच्या बागांत मीठ खरोखरच खत म्हणून घालतात. तिथल्या मातीत क्लोराईडची वानवा असते. वाशी-सानपाड्यात कसली वानवा? खाजणावर भराव टाकून उठवलेली जमीन ही, खाली खारा चिखल. त्यात मिठातलं आणखी सोडियम गेलं की माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. घोडबंदरकडच्या मुरमाड जमिनीतून मीठ पहिल्या दोन-चार जोरदार सरींतच वाहून जाईल.

माडाची खरी भूक पालाशची, म्हणजे पोटॅशची. पाच वर्षांपुढच्या माडाला वर्षाला 2 किलो म्युरेट ऑफ पोटॅश घालतात. गंमत म्हणजे त्यात जवळपास निम्मं क्लोराईडच असतं! मिठातलं कामाचं तेवढं मिळालं, सोडियम टळलं. सोबत सव्वादोन किलो युरिया, 3 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 50 किलो शेणखत. युरिया-पोटॅश जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी अशा तीन हप्त्यांत. बुंध्याला चिकटवून मात्र नको. खाणारी मुळं खोडाभोवती दीड-पावणेदोन मीटरच्या आळ्यात पसरलेली असतात. आमच्याकडे नेमके तिथंच पेव्हर ब्लॉक बसवलेत. आधी ते उचका.

खिळ्यांबद्दल काय बोलावं? माणसाला लोह कमी पडलं म्हणून कुणी मांडीत खिळा ठोकत नाही. माडाच्या खोडाची जखम आंब्यासारखी भरून येत नाही, आणि सोंड्या भुंगा अशाच जखमांच्या वासावर येतो. अळ्या आतून पोखरतात. बाहेर कळेपर्यंत शेंडा कोलमडलेला असतो.

झावळ्यांचा मुद्दा मला सगळ्यात झोंबतो. दर मे महिन्यात ठाण्यापासून नेरुळपर्यंत माडांची मुंज लागते, वर फक्त शेंडी. गाड्यांवर झावळी पडायची भीती खरी आहे, पण त्यासाठी वाळलेल्या, लोंबणाऱ्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवले की पुरे. प्रत्येक झावळीच्या बगलेत एकच पोय, म्हणजे फुलांचा तुरा, येते आणि नारळ पोसतात ते हिरव्या झावळ्यांवर.

राहिले ते 3 महिने. आज फुटलेली पोय शेंड्याच्या पोटात अडीच वर्षांहून आधी धरलेली असते, आणि फुटल्यावर नारळ पिकायला आणखी सुमारे 12 महिने. नीट पाणी दिलंत तर बोंडांची गळ लवकर कमी होईल, बस. 3 महिन्यांनी नव्या पोया खरंच वाढलेल्या दिसल्या, तर ते तीन वर्षांपूर्वी कुणीतरी घातलेलं खतपाणी.